हरणाच्या शिकारीसाठी मुलांची पहिली रायफल : निवड कशी करावी?

आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. हरणाची शिकार, तीही बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी करायची, आणि त्यावर मराठीत व्याख्यान! आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंद झाली. आज भारतात हरीण मारणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि तो तसाच असायला हवा. त्यामुळे आज आपण जे बोलणार आहोत ते भारतासाठी अजिबात नाही. ते आहे अमेरिकेसाठी, जिथे पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार कायद्याने, परवान्याने आणि ठरलेल्या दिवसांतच होते.

विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. पेनसिल्व्हेनियात हा हंगाम वर्षानुवर्षं थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा आणि त्या दिवशी अनेक शाळांना चक्क सुट्टी असायची. २०१९ पासून तो शनिवारी सुरू होऊ लागला. म्हणजे तिथल्या गावांमध्ये हा जवळपास सण आहे. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर बसतो, आणि तो पैसा राज्यांकडे वन्यजीव संवर्धनासाठी जातो. शिकारी आणि संवर्धन यांचं नातं तिथे आपल्यापेक्षा बरंच वेगळं आहे.

आता मराठी माणसाचा यात काय संबंध? अमेरिकेच्या या भागांत आपली बरीच कुटुंबं राहतात. मुलं तिथल्या शाळेत जातात, नोव्हेंबर आला की वर्गातली मित्रमंडळी शिकारीच्या गोष्टी सांगतात, शेजारचे काका ‘आमच्याबरोबर पाठवा’ म्हणतात. तिथल्या घरांमध्ये हे ज्ञान आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलांकडे येतं. आपल्या घरांत ते कुणाकडेच नसतं. मग एक तर पालक घाबरून विषयच बंद करतात, नाहीतर दुकानात जाऊन विक्रेता देईल ती बंदूक घेऊन येतात. दोन्हींमध्ये न पडता नीट विचार कसा करायचा, एवढ्यासाठी आजचं बोलणं.

आमचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं : पहिली रायफल मुलाच्या शरीराच्या मापाने घ्यावी, आणि तिचा धक्का इतका कमी असावा की मुलाला चाप ओढायची भीती वाटणार नाही. बाकी सगळ्या गोष्टी, म्हणजे कंपनी, किंमत, लाकडी दस्ता की प्लास्टिकचा, या नंतरच्या. असं का, ते आता क्रमाने पाहू.

आधी कायदा

दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी तपासायच्या.

पहिली, खरेदी कोण करतंय. १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार परवानाधारक विक्रेता अठरा वर्षांखालच्या व्यक्तीला रायफल विकू शकत नाही. आईवडिलांनी स्वतःच्या पैशाने विकत घेऊन मुलाला भेट देणं हे केंद्रीय कायद्याला मान्य आहे. मुलाने ती कधी, कुणाच्या देखरेखीखाली हाताळायची याचे नियम मात्र राज्याराज्यांत वेगळे आहेत.

दुसरी गोष्ट खास आपल्या लोकांसाठी. ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला रायफल घेता येते. पण एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस विकत घेणंच काय, जवळ बाळगणंही केंद्रीय कायद्याने मना आहे. त्याला काही अपवाद आहेत, आणि अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्यांतला एक. पण ‘कुणीतरी सांगितलं’ यावर विसंबू नका. इथे चूक झाली तर नुसता दंड होऊन प्रकरण मिटत नाही, इमिग्रेशनवर पाणी पडू शकतं. वकिलाला विचारा, मगच पुढे जा.

तिसरी गोष्ट, राज्याचे शिकारीचे नियम. न्यूयॉर्कने १९४९ मध्ये शिकारीचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, ते पहिलं राज्य. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीच्या परवान्यासाठी हे प्रशिक्षण लागतं. प्रशिक्षणाआधी मुलाला न्यायचं असेल तर अनुभवी माणसाबरोबर जाता येतं, पण तो माणूस मुलापासून हाताच्या अंतरावर असावा लागतो. आमचा सल्ला असा, की हे प्रशिक्षण मुलाबरोबर पालकांनीही करावं. शेजारी बसून शिकलेला बाप किंवा आई पुढे मैदानात फार उपयोगी पडते.

कोणती रायफल चालेल हेही राज्य ठरवतं. कोलोरॅडोत मोठ्या शिकारीसाठी नळीचा व्यास किमान ०.२४ इंच लागतो, व्हर्जिनियात हरणासाठी किमान ०.२३. ओहायोत तर हरणासाठी फक्त सरळ भिंतीच्या काडतुसांच्या रायफली चालतात, त्याही २०१४ पासून. त्याआधी तिथे हरणासाठी अशा रायफलीही चालत नसत. कारण सोपं आहे : सपाट शेतजमीन, मध्ये मध्ये वस्ती, आणि लांब जाणारी गोळी. म्हणून राज्याची नियमपुस्तिका आधी वाचायची आणि दुकान नंतर गाठायचं.

धक्का म्हणजे नेमकं काय

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. शाळेत आपण न्यूटनचा तिसरा नियम शिकलो : क्रिया तेवढीच प्रतिक्रिया. गोळी आणि तिच्यामागचा जळलेल्या दारूचा वायू पुढे जातो, तेव्हा रायफल मागे येते आणि खांद्यावर आदळते. गोळी जितकी जड आणि वेगवान, दारू जितकी जास्त, तितका धक्का मोठा.

काही आकडे पाहू. गोळीचं वजन ‘ग्रेन’मध्ये मोजतात. आपल्या सोनारांच्या गुंजेसारखंच हे जुनं माप आहे, एका ग्रॅममध्ये सुमारे साडेपंधरा ग्रेन बसतात. साधारण साडेतीन किलोच्या रायफलीतून .२४३ विंचेस्टर या काडतुसाची १०० ग्रेनची गोळी सोडली तर धक्क्याची ऊर्जा सुमारे १२-१३ ज्यूल येते. त्याच वजनाच्या रायफलीतून .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी सोडली तर ती २७-२८ ज्यूलच्या घरात जाते. म्हणजे दुपटीहून जास्त. ऐंशी किलोचा माणूस हा धक्का सहज पचवतो. चाळीस किलोच्या मुलाचं काय होईल याचा विचार करा.

दुखतं, खांदा काळानिळा होतो, हे तर आहेच. पण खरं नुकसान वेगळं आहे. शरीर हुशार असतं. दोन-तीन वेळा जोराचा फटका बसला की पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या आधीच ते सावध होतं. डोळे मिटतात, खांदा पुढे ढकलला जातो, बोट झटका देतं. रायफल हलते आणि गोळी भलतीकडे जाते. याला आपण दचकणं म्हणू. एकदा ही सवय लागली की ती मोडायला महिने लागतात. आणि मूल हे कुणाला सांगत नाही. बाबांसमोर, मित्रांसमोर ‘मला भीती वाटते’ असं कोण म्हणेल? ते दात आवळून गोळ्या झाडत राहतं, आणि आपण म्हणत राहतो, याचा नेम काही सुधारत नाही.

म्हणूनच तिथल्या घरांत आजोबांची .३०-०६ मुलाच्या हातात देण्याची जी प्रथा आहे, ती भावनेने सुंदर असली तरी पहिल्या वर्षासाठी योग्य नाही. ती रायफल कपाटात राहू द्या. मूल मोठं झालं की तिचीच मजा घेईल.

इथे एक गंमतीदार पेच आहे, तोही समजून घेऊ. पालकांना वाटतं, मूल लहान, म्हणून रायफल हलकी घ्यावी. पण काडतूस तेच ठेवून रायफल हलकी केली की धक्का वाढतो. साडेतीन किलोऐवजी अडीच किलोची रायफल घेतली तर त्याच काडतुसाच्या धक्क्याची ऊर्जा सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. म्हणजे ‘मुलांसाठी’ म्हणून विकली जाणारी आखूड, हलकी रायफल मोठ्या काडतुसात घेतली, तर ती वडिलांच्या रायफलीपेक्षा जोरात मारते. यावर उपाय दोन. काडतूस सौम्य निवडायचं, आणि रायफल अति हलकी घ्यायची नाही. नेम धरताना वजन पेलण्यासाठी टेकण असतंच. मचाणाचा कठडा, काठ्यांची तिवई, काहीही चालतं. पहिल्या वर्षी मुलाने टेकणाशिवाय हरणावर गोळी झाडूच नये, असं आम्ही म्हणू.

कोणतं काडतूस?

अमेरिकी काडतुसांची नावं ऐकून डोकं गरगरतं, म्हणून आधी नावांची उकल करू. .२४३ म्हणजे गोळीचा व्यास इंचात. .३०-०६ म्हणजे ०.३० इंचाची नळी आणि १९०६ हे साल. .३०-३० मधला दुसरा तीस म्हणजे मूळ काडतुसातली तीस ग्रेन दारू. नियम एकच असा नाही. ज्याने जसं ठेवलं तसं नाव.

आता मुलांसाठी विचारात घेण्यासारखी काही.

.२४३ विंचेस्टर १९५५ मध्ये आलं. .३०८ विंचेस्टरच्या काडतुसाची मान बारीक करून ते तयार झालं. धक्का कमी, गोळी वेगवान. १०० यार्डांवर नेम जुळवला तर १५० यार्डांपर्यंत ती जेमतेम एक-दोन बोटं खाली येते. अमेरिकेत मुलांची पहिली रायफल म्हटलं की अनेकांच्या तोंडी हेच नाव येतं. काही अनुभवी शिकारी मात्र म्हणतात, की गोळी लहान असल्याने चुकीला जागा कमी, म्हणून हे नवशिक्याचं काडतूसच नव्हे. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण दुसरी बाजू पाहा. मोठ्या काडतुसाने दचकणारं मूल जास्त चुकतं, आणि पोटात लागलेली गोळी मोठी असली तरी हरणाचे हाल टळत नाहीत. आमचं मत .२४३ च्या बाजूने आहे, दोन अटींवर. हरीण बाजूने उभं असेल तेव्हाच गोळी झाडायची, आणि गोळी हरणासाठी बनवलेलीच घ्यायची, साधारण ९५ ते १०० ग्रेनची. याच काडतुसात लहान प्राण्यांसाठी पातळ वेष्टनाच्या हलक्या गोळ्याही मिळतात. त्या हरणाच्या खांद्यावर फुटून विखुरतात, आत पुरेशा जात नाहीत. डब्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन हे १९८० चं आणि ६.५ क्रीडमोर हे २००७ चं. दोन्हींचा धक्का १६-१७ ज्यूलच्या आसपास, म्हणजे .२४३ पेक्षा थोडा जास्त आणि .३०८ पेक्षा कमी. गोळी जड, त्यामुळे आत जास्त शिरते. चौदा-पंधरा वर्षांच्या, अंगाने भरलेल्या मुलासाठी किंवा मुलीसाठी हे उत्तम. दहा-पंधरा वर्षांनीही ही रायफल अपुरी वाटणार नाही.

.३०-३० हे १८९५ चं जुनं काडतूस. दाट झाडीत, शंभर यार्डांच्या आत, आजही तितकंच चांगलं काम करतं आणि धक्का बेताचा. त्याची रायफल बहुतेक वेळा खटका खाली ओढून भरायची असते. तिच्याविषयी पुढे बोलू.

सरळ भिंतीच्या काडतुसांच्या राज्यांत .३५० लेजंड, जे २०१९ मध्ये आलं, मुलांसाठी सोयीचं आहे. पूर्वी याच मुलांना बारा बोअरच्या शॉटगनमधून जड गोळी झाडावी लागे, आणि तिचा धक्का मोठ्या माणसालाही नकोसा होतो.

शिशाबद्दलही सांगायला हवं. साधी गोळी शिशाची असते, शरीरात तिचे बारीक कण होतात आणि ते मांसात दूरवर जातात. हे मांस घरी शिजणार, मुलंच खाणार. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. अखंड तांब्याच्या गोळ्या मिळतात. त्या फुलतात पण तुटत नाहीत, त्यामुळे लहान काडतुसातही चांगल्या आत शिरतात. थोड्या महाग पडतात. मुलांसाठी आम्ही त्याच सुचवू.

माप कसं घ्यायचं

शिंप्याकडे आपण मुलाला घेऊन जातो, तसंच रायफल घेतानाही मुलाला बरोबर न्यायचं. सर्वांत महत्त्वाचं माप म्हणजे चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर. मोठ्यांच्या रायफलीत ते साधारण साडेतेरा इंच असतं, मुलांच्या रायफलीत बारा ते साडेबारा. तपासण्याची जुनी युक्ती अशी : रायफल रिकामी आहे याची खात्री करून घ्या. मुलाचा कोपर काटकोनात वाकवा, दस्त्याचं टोक कोपराच्या खोबणीत ठेवा. तर्जनीचं पेर चापावर आरामात पोहोचलं पाहिजे. पोहोचत नसेल तर दस्ता लांब आहे. आणि लक्षात ठेवा, शिकार नोव्हेंबरात असते. जाड कोट अंगावर आला की तेच अंतर आणखी वाढतं. म्हणून हे माप कोट घालूनच घ्या.

दस्ता लांब असला तर काय होतं? मूल मागे रेलतं, कंबर वाकवून तोल सांभाळतं, दस्ता खांद्यावर न बसता दंडावर बसतो. तिथे हाडाला मार लागतो, आणि पुन्हा तीच भीती. आता मूल तर वाढणार. म्हणून ज्या दस्त्यात चकत्या घालून लांबी वाढवता येते, असा घ्यावा. किंवा रायफल साधी घेऊन, वर्षा-दोन वर्षांनी फक्त दस्ता बदलावा. नळी आणि यंत्रणा आयुष्यभर टिकते, वाढायचं असतं ते दस्त्याने.

दुसरं, डोळा. उजव्या हाताच्या माणसाचा नेमाचा डोळा उजवाच असेल असं नाही. मुलाला दोन्ही हात पुढे करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवायला सांगा, त्या फटीतून लांबची वस्तू पाहू द्या, मग एकेक डोळा मिटू द्या. ज्या डोळ्याने वस्तू दिसत राहते तो नेमाचा डोळा. तो डावा निघाला तर डाव्या खांद्यावरून शिकवणं सोपं, आणि मग डाव्या हाताची रायफल पाहावी. हे सुरुवातीलाच कळलं तर पुढची डोकेदुखी वाचते.

यंत्रणा, दुर्बीण आणि कान

यंत्रणेचे प्रकार बरेच, आपण मुलांपुरते पाहू. बोल्टची रायफल आम्हाला सर्वांत बरी वाटते. बोल्ट मागे ओढला की आत काडतूस आहे की नाही ते मुलालाही दिसतं आणि शेजारच्या मोठ्यालाही. शक्य असेल तर सेफ्टी लावलेली असतानाही बोल्ट उघडून रिकामी करता येईल अशी घ्या. एकच काडतूस बसणारी, मधोमध उघडणारी रायफल स्वस्त आणि सोपी असते. पण तिच्या बाहेरच्या घोड्याला अंगठ्याने हळूच खाली आणावं लागतं, आणि थंडीने बधिर झालेला लहान अंगठा निसटू शकतो. खटक्याच्या .३०-३० मध्येही हाच प्रश्न, शिवाय अनेक जुन्या रायफली रिकाम्या करताना प्रत्येक काडतूस नळीच्या तोंडाशी नेऊनच बाहेर काढावं लागतं. आपोआप भरणारी रायफल पहिल्या वर्षी नको. गोळी सुटली की दुसरी तयार असते, आणि उत्साहाच्या भरात मूल ते विसरतं.

दुर्बीण साधी, कमी मोठं दाखवणारी घ्या. दोन ते सातपट किंवा तीन ते नऊपट पुरे, आणि ती कायम सर्वांत कमीवर ठेवायची. जास्त मोठं केलं की मुलाला दुर्बिणीत हरीणच सापडत नाही. डोळा आणि काच यांमध्ये किमान नऊ सेंटीमीटर अंतर राहील अशी बसवा, नाहीतर धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईवर येते आणि रक्त निघतं.

कानांबद्दल फार कमी लोक बोलतात. १४० डेसिबलच्या वरचा एकच आवाज ऐकण्याची शक्ती कायमची कमी करू शकतो, आणि हरणाच्या रायफलीचा आवाज १५० च्या पुढे असतो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. सरावात कानात बोळे आणि वरून कर्णकवच, दोन्ही. काही लोक धक्का कमी करायला नळीच्या तोंडाशी भोकांचं टोपण लावतात. धक्का खरंच कमी होतो, पण आवाज वाढून मागे येतो, थेट मुलाच्या आणि शेजारी बसलेल्याच्या कानावर. त्यापेक्षा काडतूस सौम्य निवडलेलं बरं.

.२२ पासून सुरुवात

इतकं सगळं ऐकून वाटेल, आता रायफल घेतली की झालं. पण हरणाच्या रायफलीआधी .२२ ची रायफल हवी. हे छोटं काडतूस १८८७ पासून चालत आलंय, धक्का जवळपास नाहीच. हरणासाठी ते निरुपयोगी आणि बहुतेक ठिकाणी बेकायदा, पण शिकण्यासाठी याच्यासारखं दुसरं नाही. आपल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला जागतिक सुवर्ण मिळवलं, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं. दोघांच्याही ५० मीटर रायफल प्रकारात हेच .२२ चं काडतूस असतं. श्वास, चापाचा सावकाश दाब, गोळी सुटल्यावरही नेम धरून ठेवणं, हे सगळं यावरच शिकायचं. मात्र लहान म्हणून हलक्यात घेऊ नका, ही गोळीही दीड मैलापर्यंत जाऊ शकते.

मोठ्या रायफलीवर आल्यावर एका बैठकीत दहा-पंधरा गोळ्यांपेक्षा जास्त नकोत. मधूनच, मुलाला न सांगता, रिकामं डमी काडतूस घाला. खटका पडेल, आवाज होणार नाही. त्या क्षणी रायफल हलली तर समजा दचकणं सुरू झालंय. ताबडतोब थांबा आणि काही दिवस पुन्हा .२२ कडे जा. रागावू नका.

मग शेवटची परीक्षा. हरणाचं हृदय आणि फुप्फुसं मिळून साधारण २० सेंटीमीटरचा भाग होतो. तेवढ्याच व्यासाची कागदी ताटली ५० यार्डांवर लावा. मुलाने, ज्या स्थितीत शिकारीला बसणार त्याच स्थितीतून, कोट घालून, पाच गोळ्या झाडायच्या. पाचही आत बसल्या तर ७५ यार्ड, मग १००. ज्या अंतरावर पाचातली एकही चुकली, त्याच्या अलीकडचं अंतर ही त्या मुलाची मर्यादा. रायफल किती लांब मारते हा प्रश्न इथे येतच नाही. मर्यादा ७५ यार्ड असेल तर ८० यार्डांवरच्या हरणाला जाऊ द्यायचं.

एवढं कडक का? कारण फुप्फुसातून गोळी गेली तर हरीण शंभरएक यार्ड पळून काही सेकंदांत पडतं. पोटात लागली तर तेच हरीण तासन् तास तडफडतं, कधी कधी सापडतही नाही. रक्ताचा माग काढत अंधारात फिरणारं आणि शेवटी रिकाम्या हाताने परतणारं मूल ते विसरत नाही. आपण आज धक्क्याबद्दल, दस्त्याबद्दल, ताटलीबद्दल जे बोललो, ते सगळं ही वेळ टाळण्यासाठी.

घरी आणल्यावर

रायफल कुलूपबंद कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडेच. रायफल मुलाला भेट दिली असली तरी किल्ली द्यायची नाही. भाऊ-बहिणी, घरी येणारी मित्रमंडळी आणि किशोरवयातले मनाचे चढउतार, या सगळ्यांचा विचार करून हा नियम पाळायचा. त्याला अपवाद नाही.

हाताळणीचे चार नियम मुलाने झोपेतून उठवलं तरी सांगितले पाहिजेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. जिथे गोळी जायला नको तिकडे नळी कधीच वळवायची नाही. नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर. आणि लक्ष्य नीट ओळखायचं, त्याच्या मागे काय आहे तेही पाहायचं. हे चारही आधी मोठ्यांनी पाळायचे. मूल आपलं ऐकत नाही, आपल्याकडे बघतं.

शेवटचा मुद्दा. एवढी तयारी झाल्यावर, पहाटेच्या थंडीत, समोर हरीण उभं असताना मूल म्हणेल, ‘मला नाही मारायचं.’ असं होतं, आणि बरेचदा होतं. तेव्हा ‘ठीक आहे’ म्हणायचं, सेफ्टी लागली आहे ना ते पाहायचं, आणि दोघांनी मिळून हरीण जाईपर्यंत बघत बसायचं. पुढच्या वर्षी त्याला यावंसं वाटेल किंवा वाटणारही नाही. म्हणूनच रायफल घेण्याआधी हे बोलून ठेवा, की घेतली म्हणजे मारलंच पाहिजे असं काही नाही. मुलाला हे आधीच माहीत असेल तर ते न घाबरता नेम धरेल आणि मनात शंका आली तर न लाजता रायफल खाली ठेवेल.

आता प्रश्न घेऊ.